कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका
डिझेल गाडीत 'रेल प्रेशर कमी' (म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतला दाब कमी) असा बिघाडाचा कोड आला की प्रेशर सेन्सर बदलून मोकळं व्हावं, असं काही जण म्हणतात; हे काही पटलं नाही. कोड फक्त कुठे बघायचं ते सांगतो. स्कॅनरवर इसीयूने (इंजिनच्या कंप्युटरने) मागितलेलं आणि प्रत्यक्षातलं रेल प्रेशर शेजारी शेजारी लावा नि लोडवर गाडी पळवा. आयडलला दोन्ही जुळतात, पण चढावर प्रत्यक्षातलं मागे पडतं? मग आधी डिझेल फिल्टर, नंतर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून किती डिझेल परत येतं ते बघणं. एकाच नळीतून भसाभस डिझेल परत येत असेल तर चोर सापडला, तोच इंजेक्टर. हाय प्रेशर पंपावर संशय सगळ्यात शेवटी, खिसा तिथेच रिकामा होतो. सेन्सरच तपासायचा असेल तर इंजिन बराच वेळ बंद ठेवून नुसती चावी ऑन करा. प्रेशर शून्याच्या आसपास दिसायला हवं. तिथेच १०० बार दिसले तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग.