दर शनिवारी नवं हॉटेल? कशासाठी?

पेठकर
परवा ‘या महिन्यात पुण्यात काय काय उघडलं’ या धाग्यावर ‘शनिवारची_स्वारी’ या आयडीने आपला नियम सांगितला: दर शनिवारी नवी जागा, एका जागी दोनदा जायचं नाही. इथपर्यंत ठीक. पैसे त्यांचे, पोट त्यांचं. पण जाता जाता पुस्ती जोडली की जे लोक वर्षानुवर्षं त्याच टेबलावर बसतात त्यांना जीभ नसते, फक्त सवय असते. उत्तर तिथे दोन ओळींत मावेना, म्हणून हा धागा.

एकदा जाऊन जागा कळते असं ज्याला वाटतं त्याला काय कळतं, हा माझा साधा प्रश्न. पहिल्या पंधरवड्यात हॉटेल म्हणजे लग्नघर असतं. मालक दारात उभा, शेफ टेबलाशी येऊन ‘कसं वाटलं सर’, मटण लुसलुशीत, वरून डेझर्ट फुकट. सहा महिन्यांनी मालक दुसऱ्या शाखेच्या मागे, शेफ दुबईला आणि ग्रेव्ही सकाळी एकदाच घोटून ठेवलेली. तुम्ही लिहिलेले पाच तारे मात्र गुगलवर तसेच लुकलुकतायत.

आणि नवं म्हणजे नक्की काय नवं? बालेवाडी हाय स्ट्रीटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मेन्यू वाचत चला. बाओ, सुशी, बुराटा, ट्रफल तेल शिंपडलेले फ्राइज, पिकांते नावाचं कॉकटेल, भिंतीवर निऑनमध्ये इंग्रजी सुविचार. बोर्ड झाकले तर कुठे बसलोय ते सांगता येणार नाही. दर शनिवारी तुम्ही त्याच हॉटेलात जाताय, फक्त पार्किंग वेगळं.

मी ज्या परमिट रूममध्ये बसतो तिथल्या वेटरला माझा सोडा वेगळा आणि बर्फ कमी हे माहीत आहे, पण ते सोडा. एखाद्या दिवशी मी बांगडा सांगितला की तो मान हलवतो आणि म्हणतो, “आज नको, साहेब.” हे ‘आज नको’ पहिल्या भेटीत कोणी म्हणत नाही. पहिल्या भेटीत ‘शेफ्स स्पेशल’ म्हणून नेमका तोच बांगडा खपवतात.

बालेवाडीकर
हाय स्ट्रीटवर बोललात म्हणून लिहितो, नाहीतर असल्या धाग्यांवर मी येत नाही.

गुडलक १९३५ ला उघडलं. तेव्हा डेक्कनवर तुमच्यासारखाच कोणीतरी घरचा चहा पीत बसला असेल, ‘इराण्याकडे कशाला जायचं’ म्हणत. सगळेच तसे निघाले असते तर बन मस्का खायला आज कोण असतं? वैशाली-रूपालीचं तेच. उडप्याने येऊन डोसा विकायला घेतला तो काही शनिवारवाड्यात शिलालेख सापडला म्हणून नव्हे. कॅम्पातलं डोराबजी १८७८ चं, तेही एकदा नवं होतंच की.

बियरचंच घ्या. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (जागेवरच ताजी बियर बनवून विकणारी जागा) एक पुण्यात निघाली, दूलाली, २००९ मध्ये, कोरिंथियन्स क्लबात. आमच्या ग्रुपात पहिल्यांदा गव्हाची बियर आली तेव्हा ‘ह्याला केळ्याचा वास येतोय, खराब झालीय’ म्हणून ग्लास परत पाठवायला निघाले होते लोक. तेच आता यीस्टवर प्रवचन देतात. तुमच्या नियमाने चाललो असतो तर अजून बाटलीतली स्ट्राँगच पीत बसलो असतो.

तिखटजाळ
पेठकर, लेख छान, बांगडा तर फारच छान. आता एक सांगा. तुमच्या त्या परमिट रूममध्ये मी एकटी आले तर तो प्रेमळ वेटर मला कुठे बसवेल?

मी सांगते. मी आणि मैत्रीण ऑफिसनंतर अशाच एका ‘जुन्या, घरच्यासारख्या’ जागी गेलो होतो. खाली निम्मी टेबलं रिकामी, टीव्हीवर मॅच. आम्ही खुर्ची ओढायच्या आत वेटरने जिन्याकडे बोट केलं. “मॅडम, फॅमिली वर.” आम्ही म्हटलं, आम्ही फॅमिली नाही, आम्हाला मॅच बघायचीय. “खाली जेन्ट्स असतात मॅडम.” वर पडदा लावलेले कप्पे, एसीचे पैसे जास्तीचे, टीव्ही नाही, आणि एका कप्प्यात अख्खं कुटुंब पनीर खात आमच्या ग्लासांकडे बघतंय. ऑर्डर घ्यायला वर कोणी फिरकेना.

नव्या जागेत बुराटा असतो हे खरं. पण तिथे मला जिना दाखवत नाहीत. बाथरूमला कडी असते. एकटीने काउंटरला बसून एक ड्रिंक घेतलं तरी कोणी वळून बघत नाही. तुमचं ‘आज नको साहेब’ कमवायला आधी साहेब असावं लागतं.

चखणा
तिखटजाळ यांना दंडवत. दोन्ही बाजू पटल्या, त्यामुळे मी दोन्हीकडे जाणं बंद करतो.

एक अवांतर. या सगळ्या नव्या जागांत बसल्या बसल्या ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग सर?’ विचारतात, तेव्हा तुम्ही लोक काय सांगता? ‘साधं पाणी’ म्हटलं की वेटरचा चेहरा असा होतो जणू मी उधारी मागितली. परवा एका ठिकाणी तर विचारलंही नाही, बाटलीचं झाकण फिरवूनच ठेवली. बिलात बघतो तर चहा-नाश्ता होईल एवढ्याचं पाणी.

मुळामुठा
हे बेकायदेशीर आहे. एमआरपीच्या वर एक रुपया घेता येत नाही. बिल ठेवा, ग्राहक आयोगात जा.

कलमबहाद्दर
मुळामुठा, व्हॉट्सॲपवरचा कायदा इथे आणू नका. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की हॉटेल-रेस्टॉरंटांना बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्त दराने विकता येतं. कारण तिथे नुसती बाटली विकत नाहीत, बसायची जागा आणि सेवाही देतात. आवडो न आवडो, निकाल तो आहे.

मुळामुठा
म्हणजे खुर्चीचं भाडं पाण्यात. मग बिलाच्या तळाशी दहा टक्के सर्व्हिस चार्ज कसला? वेटरच्या हसण्याचा?

कलमबहाद्दर
तो मात्र सक्तीने लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं बजावलं, हॉटेलवाले कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं. काढायला सांगा, काढतात. कायद्याचं निघालंच आहे तर पेठकरांना विचारा, त्यांच्या परमिट रूममध्ये बसलेल्यांपैकी किती जणांकडे परमिट असतं? एक दिवसाचं पाच रुपयांना मिळतं. बियर-वाइनला एकवीस आणि बाकी दारूला पंचवीस वर्षं हे वय तरी कोणी तपासतं का?

चखणा
‘काढायला सांगा’ म्हणे. बायकोच्या माहेरची आठ माणसं टेबलावर आणि मी सर्व्हिस चार्ज काढायला सांगतोय. तुम्ही वकील आहात का? लग्न झालंय का?

धायरीकर
पाण्यावर हसताय म्हणून लिहितोय. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या आमच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) पेशंट निघाले तेव्हा कुठे होतात सगळे? दूषित पाण्याकडे बोट होतं. आमच्या सोसायटीतला एक मुलगा, चांगला क्रिकेट खेळणारा, आयसीयूत पडून होता, हात उचलता येईना. त्यानंतर बाहेर कुठेही गेलो तरी मी टेबलावरच्या जगातलं पाणी पीत नाही. बाटलीच घेतो, झाकण माझ्यासमोर उघडायला लावतो. पैसे किती लावता ते लावा.

मुळामुठा
सहानुभूती आहे. पण त्याचाच धंदा झालाय ना? महापालिकेने पाणी नीट द्यायचं नाही, हॉटेलवाल्याने त्या भीतीवर बाटली विकायची आणि आपण ‘आरोग्य’ म्हणत खिसा उलटा करायचा. उद्या श्वासाचेही लावा.

धायरीकर
तुमच्या घरचं कोणी व्हेंटिलेटरवर होतं का? नव्हतं ना? मग धंदा वगैरे मला शिकवू नका.

बालेवाडीकर
अहो, शांत. दोघांचं भांडण महापालिकेशी आहे, एकमेकांना कशाला ओरबाडताय? धागा हॉटेलांवर आहे. निदान होता.

गल्लाधारी
पाण्यावरून पाणी वर चढलंय म्हणून गल्ल्याच्या अलीकडून थोडं. माझी बाणेरला छोटी जागा आहे, नाव सांगणार नाही, जाहिरात म्हणाल.

साधं पाणी मी देतो, न मागता, फिल्टरचं. पण ते मला फुकट पडत नाही. आमच्या भागात टँकरशिवाय महिना निघत नाही, वर आरओ, वर फिल्टर बदलणं. सर्व्हिस चार्ज लावत नाही. त्यामुळे भाव वाढवले की लोक म्हणतात, शेजारी स्वस्त आहे. शेजारी तळाशी दहा टक्के लावतो ते बिल येईपर्यंत दिसत नाही.

आता पेठकरांच्या प्रश्नावर. सगळ्यांचा मेन्यू सारखा का? कारण बँकेचा हप्ता सगळ्यांचा सारखा. मी उघडताना मेन्यूत वऱ्हाडी जेवण ठेवलं होतं, पाटोड्या, सावजीच्या जवळ जाणारा रस्सा. लोकांनी वाखाणलं. म्हणजे फोटो काढले आणि फ्राइज मागवले. जेवण आमच्याकडे पाच टक्के जीएसटीत बसतं पण इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे भाड्यावर, एसीवर, फर्निचरवर भरलेला कर माझ्याच अंगावर. दारूवर वेगळं. १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूमचा व्हॅट पाच टक्क्यांचा दहा झाला. २०२५ च्या जूनमध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. लायसन्स फी पंधरा टक्क्यांनी वाढली ती वेगळीच. १४ जुलैला राज्यभर बार बंद ठेवले ते हौसेने नाही. मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या, अल्पवयीन मुलाच्या पोर्शे अपघातानंतर तपासण्या सुरू झाल्या त्या रास्तच होत्या. कलमबहाद्दर, वय मी तेव्हापासून कटाक्षाने विचारतो आणि चाळिशीतले लोक खूश होऊन आधार काढून दाखवतात.

अशात प्रयोग कोण करणार? जे शेजारी खपतं ते मी ठेवतो, जे मी ठेवतो ते पलीकडचा ठेवतो.

आणि शनिवारवाले. त्यांच्यावर माझा राग नाही, पण शनिवारी माझं टेबल तसंही भरतं. माझा जीव अडकलेला असतो मंगळवारी. मंगळवारी येतो तो जुना माणूस. नवा शनिवारी येतो, रील टाकतो आणि पुढच्या शनिवारी शेजारच्या गल्लीत. भाडं मात्र सातही दिवस चालू.

पेठकर
गल्लाधारी, हेच म्हणतोय मी कधीपासून. मंगळवारी मीच असतो.

गल्लाधारी
पेठकर, तुम्ही मंगळवारी असता, पण माझ्याकडे नाही ना. तुम्ही तीस वर्षांपूर्वी ठरवलेल्या जागी असता. माझ्याकडे पहिल्यांदा यायला तुम्हाला कोणी तयार करायचं? तुमच्यासारखा माणूस मला मिळतो तो शनिवारवाल्याने ओढून आणला तरच. तुम्हा दोघांत मला निवड करायला सांगू नका.

बालेवाडीकर
टाळ्या. धागा बंद करा आता.

तिखटजाळ
बंद कसला? मी जिन्याचं विचारलं होतं, त्याचं उत्तर कुठाय? पाण्यावर एवढं लिहिलंत सगळ्यांनी.

पेठकर
उत्तर देतो. आमच्या जागेत खालच्या मजल्यावर बाई बसलेली मी पाहिलेली नाही, हे खरं आहे. आणि कोणी बसू दिलं नाही म्हणून मी कधी उठून गेलो, असंही झालेलं नाही. इतपत मान्य. पण त्यावर इलाज पिकांते नव्हे.

तिखटजाळ
‘इतपत मान्य’ फ्रेम करून लावते. इलाज पिकांते नाहीच, इलाज कडी लागणारं बाथरूम आणि खालच्या मजल्यावर खुर्ची. ते तुमच्या मालकाने उद्या केलं तर मी मंगळवारी येते, बांगडाही खाते. तो करणार नाही, कारण तुम्ही सगळे जुने साहेब लोक तसेही येतच राहता. त्याला कशाची गरज?

कलमबहाद्दर
यात मुद्दा आहे. नवी जागा गिऱ्हाईक टिकवायला धडपडते, जुनी गिऱ्हाइकाला गृहीत धरते.

पेठकर
गृहीत धरलेलं मला आवडतं. दर वेळी माझं स्वागत कशाला हवंय?

चखणा
साधं पाणी मिळतं का पण तिथे?

पेठकर
जगात. स्टीलच्या. आणि धायरीकर, झाकण उघडून देतात, तुमच्यासाठी बाटलीही ठेवतात.

धायरीकर
सीलबंद ना?

शनिवारची_स्वारी
ज्याच्यावर धागा निघाला तो मी. आठवडाभर ऑफिसात होतो, आत्ता बघतोय. पहिली गोष्ट, मी ‘बहुतेकांना जीभ नसते’ लिहिलं होतं. ते ‘बहुतेकांना’ पेठकरांनी सोयीने गाळलं. दुसरी, मी लातूरचा. या शहरात आलो तेव्हा ओळखीचा वेटर सोडा, ओळखीचा वॉचमन नव्हता. रूमवर पाच जण, ‘फक्त मुलं असाल तर एन्ट्री नाही’ म्हणून किती ठिकाणांहून परत आलोय. ज्यांना शहरात पिढ्यान्पिढ्या टेबल मिळालेलं आहे त्यांनी सवयीचं कौतुक करावं. मला जिथे आत घेतलं तिथे गेलो, म्हणून नवी ठिकाणं.

गल्लाधारी, पत्ता कळवा, मंगळवारी येतो. पेठकर, तुमची परमिट रूम माझ्यासाठी नवीच आहे. या शनिवारी तिथेच बसू. पत्ता द्या.

पेठकर
या, सोबत बसू, माझ्यातर्फे. नळस्टॉपला सात वाजता उभा राहतो, तिथून मी नेईन. पत्ता इथे देणार नाही. रविवारी तुम्ही पाच तारे द्याल आणि पुढच्या मंगळवारी मला बसायला जागा नसेल.