मदत हवी आहे : मुंबई हायचा ‘उरलेला साठा’ नववीच्या वर्गाला कसा समजावावा?

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात असलेल्या मुंबई हाय क्षेत्रात 1974 मध्ये तेल सापडले आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. ‘तेल पुन्हा तयार होत नाही, तर इतक्या वर्षांनंतरही ते निघते कसे?’ हा माझ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला अर्धवट उत्तर देणे मला पटत नाही. तेल तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागतात, हे त्यांना कळले आहे. खडकाच्या छिद्रांतले तेल दाखवण्यासाठी मी गोडेतेलात भिजवलेला स्पंज बशीत दाबला. नंतर वरून पाणी ओतले, तेव्हा आणखी काही पिवळे थेंब तरंगत बाहेर आले. मुंबई हायच्या चुनखडकातही दाबाने पाणी सोडून तेल ढकलले जाते, इथपर्यंत जमले. मात्र स्पंजाला चिकटून राहिलेले तेल साठ्यात धरायचे की नाही, इथे मी अडकलो. प्रोजेक्टर नाही, तास 35 मिनिटांचा आहे. जमिनीखालचे तेल तसूभरही न वाढता, केवळ सुधारलेल्या तंत्रामुळे किंवा चढ्या भावामुळे काढता येण्याजोग्या साठ्याचा आकडा वाढतो, हे याच स्पंजावर कसे दाखवता येईल?