घरात चार वर्षांची लेक आणि नवीन आणलेलं पॉमचं पिल्लू, दोघांना सोबत कसं सांभाळायचं?

लातूरवाली

नमस्कार. आम्ही लातूरला दोन खोल्यांत राहतो, वर मोकळी गच्ची आहे. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि चार वर्षांची लेक. मिस्टरांनी गेल्या पंधरवड्यात पॉमेरियनचं पिल्लू आणलं. विकणारा म्हणाला दोन महिन्यांचं आहे. लसीचं कार्ड काही दिलं नाही, विचारलं तर "करून घ्या तुमच्या डॉक्टरकडं" म्हणाला.

लेक त्याला घडीभर खाली ठेवत नाही. पोटाला विळखा घालून उचलते, बाहुलीच्या पांघरुणात गुंडाळते, टोपडं घालते. पिल्लू सुटलं की तिच्या फ्रॉकच्या घेराला लटकतं, पोटऱ्यांना दात लावतं. मग ती किंचाळत पळते, ते मागं पळतं, आणि दोघांतलं एक तरी रडायलंय असं दिवसभर चालू असतं. सासूबाई म्हणतात, "लेकराच्या पोटात केस गेला म्हणजे? शेतातल्या आखाड्यावर नेऊन सोडा त्याला." आखाड्यावर आधीच दोन मोठी कुत्री आहेत, हे पिल्लू तिथं एक रात्र काढायचं नाही. मला ते कुणाला द्यायचं नाही. पण लेकराला काही झालं तर तेही सोसवणार नाही.

चावणं कसं थांबवायचं? दूध-भाकरी चालते का? केसाचं खरं आहे का? आणि दोनच खोल्यांत दोघांना वेगळं ठेवायचं तरी कसं? ज्यांच्या घरी बारकं लेकरू आणि बारक्या जातीचं कुत्रं दोन्ही आहे त्यांनी कृपया सांगा.

---

उदगीरची मावशी

बाई, मी अंगणवाडी सेविका आहे. तीन ते सहा वर्षांची लेकरं रोज माझ्या हाताखाली असतात. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना भावानं बिदरहून असंच पॉमचं पिल्लू आणून दिलं. मुलगा आता पाचवीला आहे आणि तेच पिल्लू, आमची गोटी, त्याच्या पायाशीच झोपते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुला जो तो विचारणार, कुत्रं लेकराला चावलं म्हणजे? पण एवढ्या लहान जातीत आधी पिल्लाला लेकरापासून जपावं लागतं. दोन महिन्यांच्या पॉमच्या पुढच्या पायाचं हाड पेन्सिलीपेक्षा बारीक असतं. पलंगावरून उडी मारली, नाहीतर लेकराच्या हातून निसटलं, तेवढ्यानंही ते मोडतं. आमच्या उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गोटीला लसीला तिथंच नेते. पायाला प्लास्टर घातलेलं पिल्लू घेऊन बसलेली माणसं तिथं बघितली की पोटात कालवतं. आणि दुखावलेलं पिल्लू पुढं लेकराच्या हाताला भिऊन चावतं. म्हणजे पिल्लू जपलं तर लेकरूही जपलं जातं.

म्हणून लेकीनं त्याला उभ्यानं उचलायचंच नाही. आता चार वर्षांच्या लेकराला "उचलू नको" म्हणून भागत नाही, हे मी रोज बघते. "नको" त्यांच्या डोक्यात टिकत नाही, हाताला काम दिलं की टिकतं. "पिल्लाला यायचंय, मांडी घाल बरं" म्हटलं की मांडी पडते. आमच्याकडं असं होतं: मांडी घालायची, तळहात उघडा ठेवून बोलवायचं, गोटी आली तर पाठीवरून तीनदा हात फिरवायचा आणि हात काढून घ्यायचा. ती आणखी जवळ सरकली तर पुन्हा तीनदा. उठून गेली तर जाऊ द्यायचं, मागं जायचं नाही. मुलाला हे "तीन हात" फार आवडायचे, मोठ्यानं मोजायचा. त्यातून त्याला कळत गेलं की तिला कधी हवं असतं आणि कधी नको असतं.

पांघरुणात गुंडाळणं, टोपडं घालणं आजपासून बंद कर. पिल्लाला सुटता येत नाही, मग त्याच्याकडं दातच उरतात. ते तोंड फिरवायलंय, जीभ काढून नाक-ओठ चाटायलंय, झोप नसताना जांभई द्यायलंय, अंग ताठ करायलंय, डोळ्याचा पांढरा भाग दिसायलाय, यातलं काही दिसलं की तिथंच खेळ थांबवायचा. गुरगुरलं म्हणून मारू नकोस. गुरगुरणं म्हणजे त्याचं "बास आता". त्यावर मार बसला तर ते गुरगुरणं सोडतं आणि पुढच्या वेळी न सांगता चावतं.

जागेचं. तुझ्याकडं बाज नाहीतर पलंग असेलच. मी बाजेखाली पोतं आणि त्यावर सुती साडीची घडी टाकली, तीन बाजूंनी जुनी साडी खाली सोडली. समोर शहाबादी फरशीवर खडूनं रेघ मारली, ती मुलाच्याच हातानं मारून घेतली. रेघेच्या आत गोटीचं घर. आत गेलेल्या पिल्लाला कुणी ओढायचं नाही, हाक मारायची नाही. चेंडू आत गेला तर मोठ्या माणसानं काढून द्यायचा. फरशी पुसली की रेघ जायची, तो लगेच खडू घेऊन बसायचा. पाहुण्यांची लेकरं आली तर त्यांना दाराशीच सांगायचा, "रेघेच्या आत जायचं नाही, गोटी झोपलीय." एवढं बारकं पिल्लू दिवसातले १८ तास तरी झोपतं. तुझी लेक त्याला झोपूच देत नसेल तर ते चिरडीला येऊन चावणारच. मला तर वाटतं तुमच्या घरातलं निम्मं चावणं न झालेल्या झोपेचं आहे.

उरलेलं निम्मं दातांचं आणि पळापळीचं. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत हिरड्या शिवशिवतात. पळणारं, किंचाळणारं लेकरू त्याला खेळच वाटतो. लेकरांना स्टॅच्यूचा खेळ येतो, तोच शिकव. पिल्लानं दात लावला की स्टॅच्यू, हात काखेत, नजर वर छताकडं. हलणं थांबलं की त्याची मजा जाते. तेवढ्यात तू गाठ मारलेला ओला फडका त्याच्या तोंडासमोर धर. फडका फ्रीजमध्ये गार केलेला असेल तर हिरड्यांना बरं वाटतं. आणि खेळाच्या वेळी घेराचा फ्रॉक नको, लेगिंग घाल. लोंबणारा घेर दिसला की ते ओढणारच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघांना खोलीत एकटं सोडायचं नाही. दूध उतू चाललंय म्हणून उठलीस तर एकाला कडेवर घेऊनच ऊठ. हे वर्ष-दीड वर्ष चालतं, दमायला होतं, पण याला दुसरा उपाय नाही. नियम कितीही पाठ असले तरी चार वर्षांच्या लेकराला मोह आवरत नाही.

सासूबाईंवर रागावू नकोस. माझं माहेर चाकूरकडचं. आमच्या भागात जानवळची कारवानी कुत्री, ससा धरणारी, उंच पायांची. ती शेतात, अंगणात, आणि लेकरं चार हात लांब. त्यांच्या पिढीला कुत्रं म्हणजे राखणीचं, उंबऱ्याच्या बाहेरचं. घरातल्या कुत्र्याचा त्यांना अनुभवच नाही, म्हणून भीती वाटते. पिल्लाला चार वेळा खाऊ घालायचं काम त्यांच्याकडं दे. आमच्या सासूबाईंनी तसंच हातात घेतलं, आणि महिन्याभरात गोटी माझ्या हाकेला नाही, त्यांच्या वाटीच्या आवाजाला धावायला लागली.

दूध-भाकरीवर ठेवू नकोस. दुधानं पुष्कळ पिल्लांना ढाळ लागते, आणि नुसत्या ज्वारीच्या भाकरीत वाढीला पुरेल एवढं नसतं. पिल्लांचं तयार खाणं कोमट पाण्यात भिजवून, नाहीतर उकडलेलं अंडं, मऊ भात, बिनमिठाचं बिनमसाल्याचं चिकन. लेकीच्या ताटातलं काही नको. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला विषासारखे असतात. लेकरांच्या खिशातून मनुके सांडतात, तिकडं ध्यान दे.

---

परभणीकर (जनावरांच्या दवाखान्यात कामाला)

ताई, मावशींनी घरातलं सगळं सांगितलं, मी दवाखान्यातलं सांगतो.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा २०१७ चा केंद्राचा नियम आहे, पण तो पाळतातच असं नाही. आधी डॉक्टरांकडून दात बघून वय काढून घ्या. कार्ड नाही म्हणजे लस झालीच नाही असं धरून चला. पार्वो, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना, पुढं दरवर्षी. हे पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर, दुसऱ्या कुत्र्यांत खाली सोडू नका. गच्ची चालेल. उलट्या आणि रक्ताची हगवण दिसली तर सकाळची वाट बघू नका, पार्वोत एका रात्रीत पिल्लू जातं.

केसाचं म्हणाल तर आजींना सांगा, एखादा केस गिळला गेला तर तो शौचावाटे निघून जातो. खरी काळजी जंताची. पिल्लांच्या पोटात आईकडूनच गोलकृमी येतात, त्यांची अंडी विष्ठेतून पडतात. ती लागलीच बाधत नाहीत, मातीत दोन-तीन आठवडे राहिली की बाधतात. म्हणून घाण त्याच दिवशी उचलायची, आणि लेकीचे हात जेवणाआधी साबणानं. पिल्लाला जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला. डोस वजनावर असतो, म्हणून डॉक्टरांकडूनच.

अजून दोन गोष्टी. एवढ्या बारक्या पिल्लाचं एक-दोन वेळचं खाणं चुकलं तरी रक्तातली साखर उतरते. ते झोकांड्या खातं, थरथरतं, मान टाकतं. मध नाहीतर साखरेचं पाणी बोटानं हिरड्यांना चोळा आणि तसंच दवाखान्यात आणा. दुसरी गोष्ट, आखाड्यावरचं म्हशी-बैलांचं गोचिडाचं औषध याच्या अंगाला लावू नका. गावाकडं सर्रास लावतात आणि पिल्लं दगावतात.

---

अंबाजोगाईहून

आमचा पग आहे, नात पाच वर्षांची. एकच भर घालतो, उन्हाची. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. गच्चीवर दुपारी पाय ठेवू देऊ नका, तळवे भाजतात. फिरणं सकाळी सातच्या आत. पॉमचे केस उन्हाळ्यात तुळतुळीत भादरून टाकू नका, उलट ऊन थेट कातडीला लागतं. विंचरून मोकळे ठेवा, कूलरच्या खोलीत ठेवा. फार धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, तर पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्यानं भिजवा, पंख्याखाली ठेवा आणि दवाखान्यात निघा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

---

लातूरवाली

मावशी, दादा, काका, मनापासून आभार. पलंगाखाली जागा केली आज, रेघ लेकीनं मारली. सासूबाईंना वाटी दिली तर घेतली त्यांनी, बोलल्या काही नाहीत.

एक विचारायचं राहिलं. परवा पिल्लाचा दात लेकीच्या पोटरीला लागला होता, बारीक ओरखडा, रक्ताचा एक थेंब आला. सासूबाईंनी हळद लावली. घरचंच पिल्लू आहे, बाहेर कुठं गेलं नाही. तरी इंजेक्शन लागतं का?

---

परभणीकर (जनावरांच्या दवाखान्यात कामाला)

ताई, हो. आजच न्या, उद्यावर टाकू नका. ज्याची रेबीजची लस झालेली नाही आणि ज्याच्या आईचं काही माहीत नाही, ते घरातलं असलं तरी सुरक्षित धरत नाहीत. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळपास वाचतच नाही, पण वेळेत लस घेतली तर रेबीज टाळता येतो.

निघण्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. दोन दिवस झाले असले तरी धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका, पट्टी बांधू नका. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. रक्त आलं होतं हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण तेव्हा लसीसोबत जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं. ते कसं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. दंडाच्या कातडीत देतात ती लस असेल तर आजचा दिवस शून्य धरून तिसरा, सातवा आणि २८ वा दिवस. शेवटचा डोस पुष्कळ लोक विसरतात, तेवढ्यात लेकरू खेळायला लागलेलं असतं. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पिल्लाला दहा दिवस नजरेखाली ठेवा, आखाड्यावर पाठवू नका आणि कुणाला देऊ नका. त्याचं खाणं, वागणं बदललं तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना कळवा. दवाखान्यातून आलात की इथं लिहा, मी रात्री बघतो.