जागा आधी ठरते की नकाशा? जीआयएस आणि पुण्याची वाढ

नकाशेवाला
गेली अकरा वर्षं जीआयएसवर, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशांचे थर जुळवण्याच्या कामावर, पोट भरतोय, त्यामुळे हा धागा म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा आहे. बांधकामाला 'योग्य जागा' दाखवणारा नकाशा कसा होतो? उतार, ओढे-नाले, माती, रस्त्यापासूनचं अंतर, सध्याचा जमीनवापर असे थर एकावर एक ठेवायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि बेरीज करायची. बेरीज जास्त तिथे हिरवा, कमी तिथे लाल.

मध्यंतरी एका टाउनशिपसाठी हे काम आलं. जागेचा विसार आधीच देऊन झालेला. पहिल्या फेरीत अर्धी जमीन लाल आली, तर संध्याकाळी फोन, "ओढ्याचं वजन जरा कमी करून बघा ना." तीस होतं, दहा केलं. नकाशा हिरवा झाला. ओढा होता तिथेच आहे.

माझं म्हणणं एवढंच, की पूररेषा, ओढ्याचं पात्र आणि तीव्र उतार यांना वजन द्यायचंच नाही. दिलं की चांगल्या रस्त्याचे गुण पुराच्या धोक्यावर पांघरूण घालतात. या जागा बेरजेच्या आधीच कापून बाजूला काढा. आणि डीपी (शहराचा विकास आराखडा) जाहीर करताना थर आणि वजनं दोन्ही लोकांपुढे ठेवा, नुसता रंगवलेला पीडीएफ नको.

सिंहगडरोडकर
+१. २५ जुलै २०२४ ला मुठेकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा आमच्या गल्लीतही गाड्या पाण्यात होत्या. फ्लॅट घेताना बँकेने सातबारा मागितला, सर्च रिपोर्ट मागितला, सासऱ्यांची सही मागितली. पूररेषेचा नकाशा कोणी मागितला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही नाही.

निवृत्त नगररचनाकार
नकाशेवाले, रोग बरोबर सांगितलात, औषध अर्धं आहे. तुम्ही जी रेषा कापायला निघालात ती काही देवाने आखलेली नाही. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. मुठेसाठी हिशेब धरला तो निळीला ६० हजार क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट पाणी), लालला १ लाख. २०२४ मध्ये खडकवासला धरणातून ३५ हजारांच्या आसपास सोडलं आणि घरं बुडाली. याचे अर्थ दोन. एक तर ती घरं निळ्या रेषेच्या चांगलीच आत आहेत. नाहीतर रेषा आखली तेव्हाचं पात्र आज राहिलेलं नाही, राडारोड्याच्या भरावाने अरुंद झालंय. शिवाय धरणाच्या खाली पडणारा पाऊस कुठल्या विसर्गात मोजणार?

आम्ही ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवून हेच करायचो. फरक इतकाच की पेपर ठेवण्याआधी ती जमीन आम्ही पायी तुडवलेली असायची.

आणि कापून काढलेल्या जागेचं पुढे काय होतं? तिचा भाव पडतो. ज्याला दुसरीकडे परवडत नाही तो तिथेच येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याला लोंढा आला, त्या पुरात वीसहून जास्त माणसं गेली. ओढ्याकाठी राहणाऱ्यांना नकाशा कळत नव्हता म्हणून ती तिथे राहत होती, असं वाटतं का तुम्हाला? तुमच्या थरांमध्ये परवडणाऱ्या घरांचा थर कुठाय?

डोंगरउतार
मी महापालिकेत नव्याने गेलेल्या गावातला. आमची अकरा गुंठे जमीन कुठल्याशा सर्वेक्षणात तीव्र उतारात गेली. १:५ पेक्षा जास्त उतार म्हणजे बांधकाम बंद. आजोबांनी तिथे ताली (बांध घालून केलेले टप्पे) घातल्यात, प्रत्येक ताल सपाट, पावसाळ्यात भाताचं पाणी उभं राहतं. आता उतारावर पाणी उभं राहतं का, हे कॉम्प्युटरला विचारा. वर सरकारी गाव नकाशा उपग्रहाच्या फोटोवर ठेवला की आमचा बांध शेजाऱ्याच्या विहिरीत जातो. साहेबांना विचारलं तर म्हणे, सिस्टिममध्ये तसंच दिसतंय.

नकाशेवाला
@डोंगरउतार, तुमचं ९० टक्के बरोबर आहे. फुकट मिळणारी उंचीची माहिती बहुधा ३० मीटरच्या चौकोनात असते. एक चौकोन ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. तुमची सगळी जमीन सव्वा चौकोनात मावली. त्यात ताल दिसणार नाही, चार मीटरचा ओढासुद्धा हरवतो. गाव नकाशे ब्रिटिश काळातल्या साखळीच्या मोजणीवरून आलेत, ते उपग्रहचित्रावर घट्ट बसतील ही अपेक्षाच चूक. अशा चौकोनावरून कोणाच्या गट नंबरावर शिक्का मारणं हा नकाशाचा नाही, वापरणाऱ्याचा गुन्हा. तिथे ड्रोन उडवा किंवा मोजणी करा.

@निवृत्त नगररचनाकार, परवडणाऱ्या घरांचा थर नाही, हे मान्य. पण म्हणून नदीत घर बांधू द्यायचं?

घाटवाट
मध्येच एक पिंक. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावरच दरड कोसळली. कापून उरलेल्या भागाला तुम्ही हिरवा रंग दिलात की लोक त्याला 'सुरक्षित' वाचतात. त्यापेक्षा पांढरा ठेवा.

नकाशेवाला
हे पटलं. यापुढे पांढरा.

निवृत्त नगररचनाकार
नदीत बांधू द्या असं मी कुठे म्हटलं? त्या माणसांसाठी दुसरी जागा त्याच नकाशात, त्याच दिवशी दाखवा, एवढंच म्हणतोय. नाहीतर तुमचा नकाशा झोपडी हलवेल आणि टाउनशिपवाल्यासाठी ओढ्याचं वजन तीसवरून दहावर येईल. तुम्हीच केलंत ना ते?

नकाशेवाला
केलं. नाकारत नाही. म्हणूनच वजनं जाहीर करा म्हणतोय, माझ्यासारख्याला फोन आला तर तो लपणार नाही.

डोंगरउतार
जाहीर कराल हो. हरकतीची मुदत भाताच्या लावणीत आली म्हणजे ती फाइल उघडणार कोण? आमच्याकडे तलाठ्याच्या शिक्क्याला महिना लागतो.

नकाशेवाला
क्यूजीआयएस हे थर बघायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. गट नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, थर टाकून बघतो. ताली मोजायला येतो रविवारी, फक्त टेपचं दुसरं टोक तुम्ही धरा.

डोंगरउतार
या. येताना गमबूट आणा, कॉम्प्युटर म्हणतोय उतार आहे, पण चिखल घोट्याच्या वर आहे.