रीलोडिंगमधले (झाडलेल्या काडतुसांच्या केसेस घरी पुन्हा भरणं) सुरुवातीचे घोळ: येऊ द्या तुमचे अनुभव

टेक्सासकर:
काल गराज आवरताना जुना .३०८ रायफलचा साइझिंग डाय (झाडलेली केस दाबून मूळ मापात आणणारा साचा) सापडला, आत काडतुसाची पितळी केस अजून तशीच अडकलेली. नवशिका होतो, ल्यूब (वंगण) लावायचं राहिलं, प्रेसचं हँडल मध्येच अडकलं तर थांबायचं सोडून अजून जोर लावला. रिम (केसच्या बुडाची कडा) तुटून केस धरणाऱ्या शेलहोल्डरमध्ये, बाकी केस डायमध्ये. भारतात आर्म्स ॲक्टमुळे परवान्याशिवाय घरी हे करता येत नाही, पण इथे अमेरिकेतले बरेच करतात म्हणून विचारतोय.

गवतीचहा:
माझं उलट. थालीपीठाला तेल सोडावं तसं ल्यूब चोपडलं, सगळ्या केसेसच्या खांद्यावर पोचे 😀

ओहायोची_सून:
नवऱ्याचा पावडर (बारूद) मोजायचा डिजिटल काटा एसीच्या झोतात होता, आकडा एका जागी ठरेना, तर हे महाशय माझा केकचा काटा घेऊन बसले! पावडर मोजतात ग्रेनमध्ये, १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन आणि माझा काटा ग्रॅमच्या खाली दाखवतच नाही. आता बीम स्केल (दांडीचा तराजू) आणलाय. हात न धुता चिवडा खायचा, त्यावरून भांडण वेगळं, या कामात हाताला शिसं लागतं हो

मौनी:
प्रायमर (केसच्या बुडातली, ठिणगी देणारी टिकली) उलटे बसवले. पुढचं विचारू नका.

जुना_खोंड:
पावडर भरताना फोन आला, एक केस रिकामी राहिली. रेंजवर नुसतं फुस्स, धक्काच नाही. मी बोल्ट ओढून पुढची भरणार तेवढ्यात शेजारच्या लेनवरचा म्हातारा ओरडला, थांब! रॉड घातला तर गोळी बॅरलमध्येच. वर दुसरी झाडली असती तर बॅरल गेलं असतं, मी पण. आता गोळ्या बसवायच्या आधी ५० च्या ५० केसेस ब्लॉकमध्ये (भोकं असलेला ठोकळा) उभ्या करून टॉर्च मारून बघतो, सगळीकडे पावडर सारखी दिसली की मगच पुढे

टेक्सासकर:
बापरे. फोन कुणाचा?

जुना_खोंड:
आईचा. न उचलून सांगतो कुणाला

सांगलीचा:
आम्ही १० मीटर एअर रायफलवाले, छर्ऱ्यांची डबी उघडली की झालं. वाचायला मजा येतेय

गवतीचहा:
अजून एक, लेक सिटीची (अमेरिकेतला काडतूस कारखाना) मिलिटरी ब्रास, म्हणजे रिकाम्या केसेस, फुकट मिळाली म्हणून गोळा केलीत तर प्रायमर पॉकेटचा क्रिंप (प्रायमरच्या खाचेची आत दाबलेली कड) आधी काढा. मी ढीगभर प्रायमर चेपवले तेव्हा कळलं.

ओहायोची_सून:
@गवतीचहा खरंच गवती चहा लावलाय का हो? आमच्याकडे थंडीत मरतो

गवतीचहा:
कुंडीत आहे, ऑक्टोबरात घरात घ्यायचा. काडी पाठवू का?