लिव्हरी (धन्याच्या रंगाचा, बिल्ल्याचा पोशाख) दिली म्हणजे फौज उभी राहिली? (पंधराव्या शतकातलं इंग्लंड)

तिरंदाज:
एका लेखात वाचलं, ‘प्रत्येक अर्लच्या (बड्या सरदाराच्या) पदरी गणवेशातली हजारोंची खडी फौज असे, म्हणून गुलाबांची युद्धं (इंग्लंडच्या गादीसाठीची यादवी) पेटली.’ हे वाक्य हिशेबाला टिकत नाही. राजा चौथ्या एडवर्डच्या काळातल्या दरबारी खर्चाच्या नियमावलीत अर्लचं वार्षिक उत्पन्न 2000 पौंड आणि घरची माणसं 140 धरली आहेत. त्यात आचारी, मोतद्दार, पाद्री सगळे आले. फ्रान्सच्या मोहिमांत तिरंदाजाचा दर होता रोज 6 पेन्स. हजार तिरंदाजांचे दिवसाला 25 पौंड, चाळीस दिवसांचे 1000. वर्षाचं निम्मं उत्पन्न गेलं! फौज पोसायची कशावर?

जुनी सनद:
खडी फौज नव्हती, ठीक. पण म्हणून लिव्हरी निरुपद्रवी ठरत नाही. 1390 पासून तिच्यावर पुन्हा पुन्हा निर्बंध का घालावे लागले? बिल्लेवाले न्यायालयात जमले की पंच दबकत, जमिनीचे दावे फिरत. 1468 च्या कायद्यात घरचे नोकर, अधिकारी, वकील वगळून कुणाला पदरी ठेवलं तर माणशी दरमहा 100 शिलिंग, म्हणजे 5 पौंड दंड. 1507 मध्ये लॉर्ड बर्गाव्हेनीवर 471 माणसं 30 महिने बाळगल्याचा ठपका आला. 471 × 5 × 30 = 70,650 पौंड.

तिरंदाज:
त्याच 1468 च्या कायद्यात ‘कायदेशीर सेवे’ची सूट आहे, ती का गाळलीत? एडवर्डच्या विश्वासातल्या लॉर्ड हेस्टिंग्जने त्यानंतरही माणसं पदरी ठेवण्याचे करार केले. त्याच्या करारबद्ध माणसांतल्या बहुतेकांना वार्षिक रोकड नव्हती, फक्त पाठराखण होती. ही मंडळी स्वतःची कुळं घेऊन यायची. बळ कुळांचं होतं, कापडाचं नव्हे.

धुकं१४७१:
कापडाला एवढं हलकं लेखू नका. बार्नेटची लढाई, 14 एप्रिल 1471, एडवर्ड विरुद्ध वॉरिकचा अर्ल. वॉरिकच्या बाजूच्या ऑक्सफर्डच्या अर्लने हेस्टिंग्जची फळी मोडली, त्याची माणसं पाठलाग करत गावापर्यंत गेली. परतेपर्यंत दोन्ही सैन्यांच्या रांगा फिरल्या होत्या. ऑक्सफर्डच्या माणसांच्या अंगरख्यावर पुढे-मागे किरणांचा तारा. एडवर्डचा बिल्ला किरणांचा सूर्य. धुक्यात वॉरिककडच्यांनी आपल्याच माणसांवर बाण सोडले, ‘दगा’ म्हणून ओरड झाली आणि फळी फुटली.

जुनी सनद:
तारा-सूर्याची ही हकीकत वॉर्कवर्थच्या बखरीतली. एडवर्डच्या बाजूच्या वृत्तांतात धुकं आहे, रांगा तिरक्या लागल्याचंही आहे, बिल्ल्याची गफलत नाही. एका बखरीवर एवढा इमला?

धुकं१४७१:
एडवर्डच्या लेखकाने विजयाचं श्रेय शत्रूच्या गोंधळाला का द्यावं? तुम्ही कागद वाचता, रणांगण वाचत नाही. कापडाच्या जाड थरांच्या जॅकवर (लढाईतल्या संरक्षक डगल्यावर) अंगरखा चढतो, चुण्या पडतात, चिन्ह आक्रसतं. किरण दिसतात; मधे तारा की सूर्य, ते दिसत नाही.

जुनी सनद:
रणांगण वाचायलाही कागदच लागतो. चूक शक्य होती, एवढंच मानतो. ती घडलीच, हे नाही.

तिरंदाज:
मूळ प्रश्नावर या. 1483 मध्ये मुलाला यॉर्कमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स करताना राजा तिसऱ्या रिचर्डने फस्टियनवर (जाड कापडावर) आपल्या चिन्हाचे, पांढऱ्या रानडुकराचे 13,000 बिल्ले मागवले. दोन वर्षांनी बॉसवर्थच्या लढाईत त्यातले किती कामी आले?

जुनी सनद:
समारंभाचे बिल्ले करारात मोजू नका. बॉसवर्थला स्टॅन्ली या सरदार भावांची माणसं स्टॅन्लींच्या हुकमाने हलली, राजाच्या नव्हे. धन्याची पकड किती घट्ट होती, ते त्यातच दिसतं. कुळांचा मुद्दा तेवढा तुमचा खरा.