ओपेथचा अल्बम, पहिल्या दिवशीचे रिव्ह्यू आणि दहापैकी मार्क: हे बरोबर आहे का?

मंद्रसप्तक

ओपेथ या स्वीडिश मेटल बँडचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' २२ नोव्हेंबर २०२४ ला आला, त्यावरून आमच्या ग्रुपमध्ये अजून वाद चालू आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. अल्बम आला त्या दिवशी मी जेवढे रिव्ह्यू वाचले आणि पाहिले त्या सगळ्यांचं म्हणणं एकच, गायक मिकाएल ओकरफेल्टने परत ग्रोल केलं, म्हणजे घशातून गुरगुरत गायलं. हो केलं, २००८ च्या 'वॉटरशेड' नंतर पहिल्यांदा केलं, मधले चारही अल्बम, २०११ च्या 'हेरिटेज' पासून २०१९ च्या 'इन काउडा व्हेनेनम' पर्यंत, सगळे साफ आवाजातले, त्यामुळे जुने लोक खूश होणार यात नवल नाही. पण पन्नास मिनिटांच्या अल्बमबद्दल सांगायला एवढंच असतं का?

यातल्या पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, मृत्युपत्रातल्या कलमांसारखे नुसते आकडे आहेत. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एक श्रीमंत म्हातारा मेलाय आणि त्याच्या वाड्यात मृत्युपत्राचं वाचन चाललंय, समोर जुळी भावंडं बसलीत आणि त्या घरात वाढलेली एक पोलिओ झालेली पोरकी मुलगी. ही इथे कशाला, असा प्रश्न भावंडांना पडलाय. आता हे डोक्यात ठेवून ऐका. गाण्यांतून बोलतोय तो मेलेला बाप. म्हणून एकाच गाण्यात तो कधी गुरगुरतो, कधी साफ आवाजात अगदी मऊ होतो, आणि मधेच जेथ्रो टल या जुन्या रॉक बँडचा इयन अँडरसन साध्या बोलण्याच्या सुरात वाचल्यासारखा येतो. चौथ्या कलमात सगळं थांबतं, अँडरसनची बासरी येते, आणि त्यानंतर बँड परत येतो तेव्हाचा ग्रोल अंगावर येतो. तो बासरीमुळे अंगावर येतो! बासरी काढून टाका, ग्रोल निम्मा होईल. हे पहिल्या दिवशी एका बैठकीत, समोर शब्द नसताना, अर्धं लक्ष मोबाईलवर ठेवून कुणाला कळणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की असा अल्बम आला की निदान आठवडाभर तरी ऐका, शब्द वाचा, मग लिहा. आणि ते दहापैकी मार्क बंद करा. साडेनऊ म्हणजे नक्की काय चांगलं ते वाचणाऱ्याला कळतच नाही.

ड्रॉप डी

असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत.

मेटल हे आधी कानाला आणि छातीला कळतं, मग डोक्याला. रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, पहिल्या वेळी लागली नाही तर दहाव्या वेळी जी लागते ती सवय असते. आठवडाभर काहीही ऐकलं तरी आवडायला लागतं. उलट पहिल्या ऐकण्यात जी प्रतिक्रिया येते ती खरी असते, तिच्यावर अजून कुणाच्या मताचा लेप बसलेला नसतो.

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम घ्या, फेब्रुवारी १९७० चा. 'रोलिंग स्टोन' मासिकात समीक्षक लेस्टर बँग्सने त्याला धुतला होता हे सगळ्यांना माहितीये, आणि घाईच्या रिव्ह्यूचं उदाहरण म्हणून तो नेहमी पुढे केला जातो. पण इंग्लंडमध्ये तो अल्बम आठव्या नंबरापर्यंत गेला, अमेरिकेत तेविसाव्या. म्हणजे ज्या पोरांनी तो विकत घेतला त्यांना पहिल्याच फटक्यात कळलं होतं. पाऊस, घंटा आणि मग ती तीन सुरांची रिफ, यात आठवडाभर विचार करण्यासारखं काय आहे? चुकला तो समीक्षक, पहिलं ऐकणं नाही चुकलं.

आणि उलट बाजू बघा. मेटॅलिकाचा 'सेंट अँगर' २००३ मध्ये आला तेव्हा पहिल्या मिनिटाला लोक म्हणाले की स्नेअर ड्रम पत्र्यासारखी वाजतेय आणि गिटारचे सोलो कुठे गेले. आज वीस वर्षांच्या वर झाली, स्नेअर तशीच वाजतेय. वेळ दिला म्हणून काय झालं?

आणि ग्रोलबद्दल. ओपेथचा चाहता सोळा वर्षं वाट बघत होता, त्याला आधी ते सांगायलाच पाहिजे. ती बातमी आहे आणि ती पहिल्या ओळीतच येणार.

मंद्रसप्तक

@ड्रॉप डी, बातमी आणि रिव्ह्यू यातच तर फरक आहे ना. बातमी पहिल्या दिवशी द्या, माझी काही हरकत नाही.

सॅबथचं उदाहरण चांगलंय पण सगळं मेटल सॅबथच्या पहिल्या अल्बमसारखं नसतं. टूल या बँडचा 'लॅटरॅलस' मे २००१ मध्ये आला, 'पिचफोर्क' या संगीताच्या वेबसाइटने त्याला दहापैकी १.९ दिले. एक पॉइंट नऊ! त्याच्या टायटल ट्रॅकमध्ये शब्दांची अक्षरं (सिलॅबल) फिबोनाचीच्या क्रमाने वाढतात आणि उतरतात, एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, परत खाली. हे माहीत नसतानाही गाणं ओढून घेतं, मान्य, पण आत काय चाललंय ते लक्षात यायला वेळ लागतोच. तो आकडा आज कुणाच्या काय कामाचा आहे?

बेसवाला

दोघंही एक गोष्ट विसरताय, आवाज. रिव्ह्यू करणारा कशावर ऐकतोय ते कुणीच लिहीत नाही आणि मेटलमध्ये तर त्यानेच सगळा फरक पडतो.

मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक', सप्टेंबर २००८. गाणी चांगली आहेत, बँडने बऱ्याच वर्षांनी परत लांब थ्रॅश (वेगवान मेटल) गाणी केली, पण मास्टरिंगमध्ये, म्हणजे आवाजावरच्या शेवटच्या कामात, ते इतकं दाबून मोठं केलंय की किक ड्रम आणि गिटार एकत्र आले की चर्र होतं. त्याच वेळी गिटार हिरो या व्हिडिओ गेमसाठी जे ट्रॅक दिले ते इतके दाबलेले नव्हते, आणि पोरांनी दोन्हींच्या वेव्हफॉर्म (आवाजाचे आलेख) शेजारी शेजारी लावून दाखवल्या, एकीत डोंगर-दऱ्या, दुसरीत सरळ वीट. हे काम चाहत्यांनी केलं. साध्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकलं तर दोन्ही सारखेच दणदणीत वाटतात, बरे हेडफोन लावून पंधरा मिनिटं ऐका, कान थकतात. हा थकवा पहिल्या गाण्यात कळत नाही, पाचव्या-सहाव्या गाण्यापर्यंत कळतो. म्हणून अल्बम पूर्ण ऐकणं आलंच.

ओपेथच्या या अल्बममध्ये बेस ऐका. मार्टिन मेंडेझची प्रत्येक नोट वेगळी ऐकू येते, ग्रोल आणि स्ट्रिंग्ज एकावर एक चढलेल्या असतानासुद्धा. मी वाचलेल्या एकाही रिव्ह्यूत बेसवर एक ओळ नाही. नवीन ड्रमर वॉल्टेरी व्हॅयरिनेनचा हा ओपेथबरोबरचा पहिला स्टुडिओ अल्बम, त्याच्यावर फार तर अर्धी ओळ.

रात्रपाळी

मार्क पाहिजेत. माझ्यासारख्यांसाठी पाहिजेत.

२०१५ पासून जगभर अल्बम शुक्रवारी येतात, आणि मेटलच्या एवढ्या उपशाखा झाल्यात की एका शुक्रवारी डेथ, ब्लॅक, डूम, पोस्ट मेटल मिळून ढीग पडतो. मी रात्री कामावर असतो, मला मोकळे मिळतात ते जाण्यायेण्यातले दोन तास. दोन हजार शब्दांचे निबंध वाचून मग ठरवू का काय ऐकायचं? ज्याचं आणि माझं मत साधारण जुळतं अशा माणसाने आठ दिले की मी लावतो, पाच दिले की पुढे जातो. ब्लड इन्कँटेशनचा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' (ऑक्टोबर २०२४) मला असाच मिळाला. दोनच गाणी, प्रत्येकाचे तीन भाग, डेथ मेटल चालू असताना मधेच टँजरिन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडसारखं सिंथ सुरू होतं, आणि त्यात खरंच टँजरिन ड्रीमचा माणूस वाजवतोय. कुणीतरी पहिल्याच दिवशी दहापैकी दहा दिले म्हणून मी ऐकला, नाहीतर "दोन गाण्यांचा अल्बम" एवढं वाचून सोडून दिला असता. पहिल्या दिवशीच्या उत्साहाला नावं ठेवू नका, त्यानेच माणसं नवीन संगीताकडे वळतात.

घाटावरचा

आपल्याकडचं पण बोला की. परदेशी बँडला साडेनऊ की साडेआठ यावर आपण तासन् तास वाद घालतो, आणि आपला बँड आला की रिव्ह्यू म्हणजे "सीनला सपोर्ट करा" आणि विषय संपला. हे मला जास्त लागतं.

मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये 'दशावतार' काढला, मत्स्यापासून सुरू करून एकेका अवताराला एकेक गाणं. कल्पना आपल्याला घरचीच, पण प्रश्न असा की मत्स्य आणि नरसिंह यांचं संगीत एकमेकांपासून वेगळं वाटतं का, ब्लास्टबीट (ड्रमचा अतिवेगवान मारा) कुठे कथेसाठी येतो आणि कुठे सवयीने येतो, सिंफनिक कीबोर्ड जास्त झाले का. ज्या बँडने ग्रोल आपल्या गोष्टीसाठी वापरला त्याला हे प्रश्न विचारायलाच हवेत. मला वाटतं नरसिंहाच्या गाण्यात ग्रोल जितका शोभतो तितका बाकी कुठेच नाही, आणि हे कुणीतरी तेव्हाच उदाहरण देऊन लिहायला हवं होतं. नुसतं कौतुक करून बँडला काय मिळतं? पुढच्या अल्बमला काय बदलायचं ते कळत नाही. ओपेथ २०१९ मध्ये एनएच सेव्हन वीकेंडर या संगीत महोत्सवाला पुण्यात येऊन वाजवून गेले, तेव्हा एवढी गर्दी, आणि आपल्या बँडच्या अल्बमवर शंभर शब्द लिहायला माणूस मिळत नाही.

ड्रॉप डी

@घाटावरचा +१००, इथे आपण एकत्र.

@बेसवाला, मेंडेझबद्दल पटलं, पण मग तू पहिल्या दिवशी तेच लिही ना, एक आठवडा कशाला थांबायचं? कान तयार असला की पहिल्या वेळीच ऐकू येतं.

@मंद्रसप्तक, एक सरळ प्रश्न. शेवटचं गाणं, 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड', त्यात ग्रोल नाहीच, सात मिनिटांची संथ बॅलड. मला पहिल्या दिवशी वाटलं की सात कलमांत एवढा ताण वाढवून शेवट सोडून दिला. तू अनेकदा ऐकलायस. तुझं मत बदललं का?

मंद्रसप्तक

मला ते गाणं पहिल्यापासून आवडलं, पण का आवडलं ते शब्द वाचल्यावर कळलं. मृत्युपत्रात सगळी इस्टेट त्या पोलिओ झालेल्या मुलीला मिळते, कारण बापाचं म्हणणं ती त्याची मुलगी. आणि या शेवटच्या गाण्यात सगळं झाल्यावर तिला एक पत्र येतं, त्यातून कळतं की तीसुद्धा त्याची नाही. बाप मेलाय, त्याचं बोलणं सातव्या कलमात संपलं, मग गुरगुरणार कोण? त्याला जे कधी कळलंच नाही ते आता त्याच्या आवाजाशिवाय सांगितलं जातंय. शेवटचा गिटार सोलो तेवढ्यासाठी परत ऐक, आणि एकदा तरी सातव्या कलमाला जोडून ऐक, सुटं नको.

ड्रॉप डी

गोष्ट म्हणून पटतंय, सोलो तर मला आधीपासून आवडतो. पण ज्याने शब्द वाचले नाहीत त्याला ते गाणं लांबलेलंच वाटणार, आणि रिव्ह्यूमध्ये ते लिहिलं तर ते खोटं नाही. गाण्याने ते स्वतः ऐकवायला पाहिजे, कागदाने नाही. आज रात्री सातवं आणि आठवं जोडून लावतो आणि इथेच लिहितो.